एक टन सळईला किती पाणी?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवरच बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी सांगायला बाकीचे आहेत. तू रोज नेमकं काय काम करतेस ते सांग, कारण ते आम्हाला आजवर कळलेलं नाही." आमच्या घरीही ते अजून पूर्ण कळलेलं नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की लोकांना बँकेचं अॅप आठवतं, नाहीतर अमेरिका. माझं काम त्यातलं नाही. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतली ती तेव्हाच्या औरंगाबादला, आणि पुण्यात नोकरीला लागल्यापासून रोलिंग मिलच्या नियंत्रणाचे प्रोग्रॅम लिहिते. लालभडक सळई मिलमधून बाहेर पडते तेव्हा तिच्यावर किती पाणी, किती दाबानं, किती वेळ मारायचं, हे माझा प्रोग्रॅम ठरवतो. जालन्याची मुलगी पुण्याला गेली आणि शेवटी लोखंड आणि पाणी याच दोन गोष्टींवर येऊन बसली, असं म्हणा.

खरं तर मी वेगळं भाषण लिहून आणलं होतं. पण काल रात्री जेवणाच्या पंगतीत जो वाद झाला, त्यानंतर ते बाजूला ठेवलं. जे पंगतीत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. बदनापूरकडे मोसंबीची बाग असलेला आपला एक मित्र म्हणाला, "दुष्काळात आमच्या बागा जळाल्या, आणि मिलवाल्यांचे फवारे चालूच होते." ज्याच्या घरची मिल आहे तो मित्र म्हणाला, "पाणी आम्ही पीत नाही रे, फिरवतो. शिवाय जालन्यातल्या किती घरांची चूल मिलवर चालते ते बघ." दोघंही दुखावले. पहिल्या बाकावर शेजारी बसणारे दोघं काल वेगवेगळ्या रांगेत जेवले.

मला वाटतं, दोघंही अर्धं अर्धं बरोबर बोलत होते. उरलेलं अर्धं आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तेवढंच मी आज सांगणार आहे.

आधी सळईला पाणी लागतं कशाला, ते पाहू. घर बांधलेल्या प्रत्येकानं "टीएमटी" हा शब्द दुकानदाराकडून ऐकलेला असतो. बेल्जियममधल्या लीज शहरातल्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात ही रीत विकसित झाली. शेवटच्या रोलमधून सळई निघते तेव्हा ती साधारण १००० अंश सेल्सिअसला असते. त्याच वेगात ती पाण्याच्या नळ्यांमधून जाते. बारीक सळई सेकंदाला दहा-बारा मीटर धावते, म्हणजे पाण्यात असते ती जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात तिची बाहेरची साल एकदम थंड होऊन कडक होते, आणि गाभा मात्र लालच राहतो. पाण्यातून बाहेर आल्यावर गाभ्यातली उष्णता परत सालीकडे येते, आणि सालीचा ठिसूळपणा जातो. दोन्हींचं तापमान साधारण ६०० अंशांवर जुळतं. म्हणून टीएमटी सळई बाहेरून कणखर आणि आतून लवचिक असते. तुकडा कापून, घासून त्यावर नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण लावलं, तर कडेची गडद रिंग नुसत्या डोळ्यांनी दिसते.

या लवचिकपणाचं महत्त्व मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपण शाळेतच होतो. तिथे पडली ती बहुतेक दगडमातीची घरं होती. पण त्यानंतर आपल्याकडे घर बांधणारा माणूस "भूकंपात टिकेल ना?" असं विचारतोच. सळई ताणली जावी, वाकावी, पण तुटू नये, यासाठी "एफई ५०० डी" या प्रतीच्या सळईला भारतीय मानकात किमान १६ टक्के लांबण्याची अट आहे. म्हणजे पाणी कमी पडलं तर सळई कमजोर, आणि जास्त झालं तर लांबणं कमी. पाणी वाचवायचं म्हणून नुसता कॉक बंद केला आणि काम झालं, असं इथे होत नाही.

आता गणित. वही नसली तरी चालेल, आकडे सोपे आहेत.

एक टन सळई, म्हणजे १००० किलो. १००० अंशांवरून ६०० अंशांवर आणायची, म्हणजे ४०० अंश खाली. लोखंडाची विशिष्ट उष्मा आपण शाळेत ०.११ अशी पाठ केली होती. तापलेल्या लोखंडाची त्याहून जास्त असते, हिशेबापुरती ०.१६ धरू. १००० गुणिले ४०० गुणिले ०.१६, उत्तर ६४,००० किलोकॅलरी. एवढी उष्णता पाण्याला उचलून न्यायची आहे.

ते पाणी दोन प्रकारे उचलतं. एक, स्वतः थोडं गरम होऊन. पाणी १० अंशांनी तापलं तर एक लिटर पाणी १० किलोकॅलरी नेतं. म्हणजे ६४,००० किलोकॅलरी न्यायला ६,४०० लिटर पाणी. दुसरा प्रकार, वाफ होऊन. बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा ५४० कॅलरी, हे आपल्या बाईंनी इतक्या वेळा घोकून घेतलं की झोपेतही सांगता येईल. तो १०० अंशांवरच्या पाण्याचा. नेहमीच्या तापमानाच्या पाण्याची वाफ व्हायला थोडा जास्त लागतो, सुमारे ५८०. ६४,०००ला ५८०ने भागा. ११० लिटर.

एकच टन सळई, एकच उष्णता, आणि दोन आकडे: ६,४०० लिटर आणि ११० लिटर. काल रात्रीचा सगळा वाद या दोन आकड्यांमधल्या जागेत आहे.

मिलमध्ये प्रत्यक्षात हे दोन्ही आकडे खरे असतात. सळईवरून ६,४०० लिटर वाहतं. ते खाली हौदात येतं, त्यातला लोखंडाचा पापुद्रा, म्हणजे स्केल, तळाशी बसतो, वरचं पाणी गाळून कूलिंग टॉवरवर चढतं. टॉवरमध्ये ते पाणी वरून शिंपडतात आणि पंख्यानं हवा खेचतात. थोडं पाणी उडून जातं आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. हे काही नवीन यंत्र नाही मंडळी, हा आपला माठ आहे. माठाच्या अंगातून थोडं पाणी पाझरून उडतं, म्हणून आतलं गार राहतं. आणि मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी ठणठणीत असल्यामुळे जालन्यातला माठ मुंबईतल्या माठापेक्षा गार असतो. कूलिंग टॉवरलाही तोच फायदा मिळतो. बाहेर ४० अंश असले तरी हवा कोरडी असेल तर टॉवरचं पाणी त्याच्या बरंच खाली उतरतं.

टॉवरमधून उडतं किती? एकूण उष्णता शेवटी मुख्यतः त्याच वाटेनं बाहेर पडते, म्हणून तेच सुमारे ११० लिटर.

म्हणजे "आम्ही पाणी फिरवतो" हे मिलवाल्या मित्राचं म्हणणं बरोबर, ६,४००च्या बाबतीत. आणि "तुम्ही पाणी पिता" हे बागायतदार मित्राचं म्हणणंही बरोबर, ११०च्या बाबतीत. दिवसाला ५०० टन सळई करणारी मिल धरा. फिरणारं पाणी ३२ लाख लिटर, उडून जाणारं ५५ हजार लिटर. ५५ हजार म्हणजे दहा हजारांचे साडेपाच टँकर. शहरात माणशी १३५ लिटरचा जो निकष धरतात, त्यानं सुमारे ४०० माणसांचं रोजचं पाणी. ही लहान गोष्ट नाही, पण ३२ लाखांची भीतीही खरी नाही. हा हिशेब फक्त सळई गार करण्याचा आहे. भट्टी थंड ठेवायला, बिलेट ओतताना लागणारं पाणी वेगळं, पण त्याची रीत हीच.

आता तिसरा आकडा सांगते. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि वाचवण्यासारखं बरंचसं त्यातच आहे.

पाणी उडतं तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी किती जड असतं, ते ज्यानं घरचा गीझर उघडून पाहिलाय त्याला माहीत आहे. फिरत्या पाण्यातले क्षार वाढत गेले की पाइपात थर बसतो आणि पाणी मारणाऱ्या तोट्या बुजतात. म्हणून मिलवाले मधूनमधून ते खारं पाणी सोडून देतात आणि ताजं घेतात. याला मिलमध्ये ब्लोडाउन म्हणतात.

किती सोडायचं? ताज्या पाण्याच्या दुप्पट क्षार झाले की सोडायचं असं ठरवलं, तर उडालेल्या प्रत्येक लिटरमागे एक लिटर सोडावं लागतं. म्हणजे टनाला ११० नव्हे, २२० लिटर ताजं पाणी. तिप्पट होईपर्यंत थांबलात तर १६५. सहापट होईपर्यंत थांबलात तर १३२. ५०० टनांच्या मिलमध्ये दुपटीवरून सहापटीवर गेलं, तर रोजचे ४४ हजार लिटर वाचतात, म्हणजे चार टँकरहून जास्त. सहापटीच्या पुढे गेल्यावर मात्र फारसं हाती लागत नाही. दहापटीला १२२ लिटर लागतात, आणि क्षारांचा त्रास खूप वाढतो. सहापटीपर्यंत जायला पाणी मऊ करायचं यंत्र लागतं, थर धरू नये म्हणून योग्य औषध लागतं, आणि एक टीडीएस मीटर. तेच, जे घरी आरओवाला येऊन पेनासारखं पाण्यात बुडवतो. ताज्या पाण्याचा आकडा बघायचा, हौदातल्या पाण्याचा बघायचा, भागाकार करायचा. तिसरीच्या मुलालाही जमेल. मी कामानिमित्त ज्या मिल पाहिल्या, त्यांतल्या काहींमध्ये हा भागाकार कधी झालेलाच नव्हता. फिटर दर सोमवारी कॉक उघडायचा, कारण त्याच्या आधीचा फिटरही सोमवारी उघडायचा.

आता माझ्या कामाकडे येते.

तवा खूप तापला की त्यावर पडलेला पाण्याचा थेंब चर्र करून उडून जात नाही, मोत्यासारखा नाचत राहतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. थेंबाच्या खाली वाफेची गादी तयार होते आणि ती थेंबाला तव्यापर्यंत पोहोचूच देत नाही. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १७५६ साली यावर लिहिलं, म्हणून हा परिणाम त्याच्या नावानं ओळखला जातो. हजार अंशांच्या सळईभोवती अशीच वाफेची गादी बसते. ती फोडायला पाण्याला दाब लागतो. दाब बरोबर असेल तर कमी पाण्यात काम होतं. तोट्या अर्धवट बुजल्या असतील तर दाब नीट पोहोचत नाही, आणि ऑपरेटर पाण्याचा कॉक आणखी उघडतो. पाणीही उन्हाळ्यात कोमट, आणि कोमट पाण्यात ती गादी जास्त टिकते, मग तो आणखी थोडा उघडतो. यात त्याचा दोष नाही. सळई चाचणीत नापास झाली तर बोलणी त्यालाच बसतात, पाणी जास्त गेलं म्हणून आजवर त्याला कुणी बोललेलं नाही. त्याच्या जागी कुणीही हेच करील.

परिणाम असा होतो की ६०० अंशांवर थांबायची सळई ५५०वर जाते. मग आपल्या गणितात ४००च्या जागी ४५० येतात. उष्णता आठव्या हिश्श्यानं जास्त, उडणारं पाणीही तेवढंच जास्त, आणि सळईचं लांबणं कमी. पाणी जास्त घालवून माल खराब केला, असा हा सौदा आहे.

इथे माझा प्रोग्रॅम येतो. नळ्यांच्या पुढे एक उष्णतामापक बसवलेला असतो, तो सळईला न शिवता तिचं तापमान सांगतो. सळईची जाडी माहीत असते, वेग माहीत असतो, पाण्याचं तापमान आणि दाब माहीत असतो. ८ मिलिमीटरच्या सळईला काय लागेल आणि २५ला काय, याचा हिशेब प्रोग्रॅम करतो आणि त्याप्रमाणे किती तोट्या उघड्या ठेवायच्या, पंप किती वेगानं चालवायचा हे ठरवतो. पुढची सळई आली की चूक किती राहिली ते पाहून सुधारतो. रोल बदलायला मिल थांबली की पंप आपोआप मंद करतो. पंपाचा वेग शंभरावरून ऐंशीवर आणला तर वीज जवळजवळ निम्मी लागते, हे मिलमालकांना पाण्यापेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

पण खरं सांगते, मिलनं मला बोलावलं तर मी प्रोग्रॅमचं नाव तिसऱ्यांदा काढते. पहिल्यांदा म्हणते, ताजं पाणी जिथून आत येतं त्या पाइपावर मीटर बसवा. दुसऱ्यांदा म्हणते, टीडीएसचा भागाकार रोज लिहा, तोट्या आणि गाळण्या दर आठवड्याला साफ करा, हौदाचा तरंगता वॉल्व्ह तपासा, कारण रात्रपाळीत हौद भरून वाहिला तर सकाळी कुणाला कळतही नाही. हे झाल्यावर मग माझा प्रोग्रॅम. मीटरच नसेल तर मी कितीही हुशार प्रोग्रॅम लिहिला तरी काय वाचलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

११० लिटरच्या खाली जाता येईल का, असं कुणी विचारील. पाण्याऐवजी नुसत्या हवेनं पाणी गार करणारी यंत्रं असतात, पण ती बाहेरच्या हवेपेक्षा खाली नेऊ शकत नाहीत, आणि मे महिन्यात आपली बाहेरची हवाच ४२ अंशांवर असते. व्हॅनेडियमसारखा धातू किंचित मिसळून, पाणी न मारताही मजबूत सळई करता येते, पण ती महाग पडते. म्हणून आजच्या घडीला ११० हा आपल्या गावचा सळईमागचा जवळजवळ तळ समजा.

पण ते ११० लिटर पिण्याचंच पाणी असलं पाहिजे असं कुठे आहे? नागपूर शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. एवढं मोठं वीज केंद्र चालतं तर मिल का चालणार नाही? शहर रोज वापरून सोडतं तेच पाणी शुद्ध करून मिलला दिलं, तर सळई आणि हंडा एकाच रांगेत उभे राहणार नाहीत. त्यासाठी प्रकल्प लागेल, वेगळी पाइपलाइन लागेल, पैसा लागेल. आपल्या वर्गातले दोघं आज नगर प्रशासनात आहेत, तीन जणांचा मिलशी संबंध आहे. एका टेबलाशी बसायला एवढी माणसं पुरतात.

२०१२-१३चा दुष्काळ आपल्यातल्या कुणालाच विसरता येणार नाही. तेव्हा माझी आई रात्री अडीचला उठून टँकरची वाट बघायची. पुढे २०१६त लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आज पैठणहून, जायकवाडीचं पाणी जालन्याला येतं म्हणून आपण थोडे निवांत आहोत. पण जायकवाडीसुद्धा आकाशातूनच भरतं. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातला गाळ काढायला गावातले लोक एकत्र आले, त्यात उद्योजक होते आणि शेतकरीही होते, हे आपण पाहिलेलं आहे. तेव्हा पुढचं वाईट वर्ष येईल त्याच्या आधी तीन गोष्टी करू या.

मिल असलेल्या मित्रांना माझी विनंती: गेटवर एक फळा लावा. त्यावर दर महिन्याला तीनच आकडे लिहा. किती टन माल केला, किती लिटर ताजं पाणी आत घेतलं, आणि हौदातल्या क्षारांची पट किती. २२०चा आकडा असेल तर २२० लिहा, लाजू नका. फळ्यावर आला की तो आपोआप खाली येतो.

बागायतदार मित्रांना विनंती: मिलवाल्याला "किती पाणी फिरवतोस" असं विचारू नका, "किती नवीन घेतोस" असं विचारा. पहिल्या प्रश्नातून नुसतं भांडण निघतं, दुसऱ्यातून हिशेब निघतो. आणि तोच प्रश्न त्यानं तुमच्या ठिबकबद्दल विचारला तर रागावू नका.

आणि मुख्याध्यापक सरांना विनंती: नववीच्या मुलांना वर्षातून एकदा मिलमध्ये न्या. अप्रकट उष्मा शिकवून झाला की लगेच न्या. टीडीएस मीटर त्यांच्या हातात द्या आणि भागाकार त्यांनाच करू द्या. त्या मीटरचा आणि जाण्यायेण्याच्या गाडीचा खर्च दरवर्षी मी करीन, हे इथे सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

त्या मुलांमधली एखादी मुलगी उद्या माझ्या प्रोग्रॅमपेक्षा चांगला प्रोग्रॅम लिहील, किंवा पाण्याशिवाय स्वस्त सळई करून दाखवील. तोवर आपण निदान मीटर तरी बसवू.